राखण

महाशिवरात्रीला अकोल्यात अगस्ती ऋषींची यात्रा भरते. यंदा आई हट्टाने आली. वय चौऱ्याऐंशी, पौषात दुसऱ्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, धुळीत फिरू नका म्हणून डॉक्टरांनी बजावलेलं. पण तिचं एकच म्हणणं, डोळे नवे झालेत तर पहिलं दर्शन अगस्तीचं. प्रवरेच्या काठी देवळाच्या रांगेत तासभर उभी राहिली. परतताना मांडीवर पिशवी, पिशवीत नारळ आणि घरून आणलेली उकडलेली रताळी, दोन खाल्लेली, चार उरलेली. अकोले ते राजूर वीस-बावीस किलोमीटर. अंधार पडून तास-दीड तास झाला असेल. राजूरच्या अलीकडे वस्त्यांचे दिवे मागे पडले तशी ती डावीकडच्या काचेला कपाळ लावून म्हणाली, "गाडी थांबव जरा."

मला वाटलं, वळणांनी मळमळतंय. थांबवली. ती उतरली, माझा दंड धरून कडेला उभी राहिली आणि मान वर केली. बराच वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "आरं, एवढ्या होत्या का रे ह्या?"

शिवरात्र म्हणजे वद्य चतुर्दशी, चंद्राचा पत्ता नसतो. चांदण्या दाट पडल्या होत्या. मोतीबिंदू पिकत गेला तशी तिला एकेक चांदणी पसरट, लोकरीच्या पुंजक्यासारखी दिसू लागली होती, आणि पुढे तेही बंद झालं. हे तिने मला त्या रस्त्यावर सांगितलं. म्हणजे आठ-दहा वर्षं आईला आभाळ नव्हतं. माझं सगळं आयुष्य आभाळाच्या कामात गेलं, दर दिवाळीला मी घरी येत होतो, अंगणात तिच्या शेजारी बसत होतो, आणि वर बघून तिला काय दिसतं हे मी एकदाही विचारलं नाही.

मला तारे तिनेच दाखवले होते. तिने आणि वडिलांनी, खळ्यावर.

भाताची कापणी झाली की भारे खळ्यावर येतात. झोडणी, मळणी, उफणणी उरकून दाणा घरात जाईपर्यंत पंधरा-वीस दिवस खळ्याला राखण लागते. रानडुक्कर येतं, सुटलेली जनावरं येतात, कधी माणूसही येतो. शाळा असली तरी रात्री मी पेंढ्यात घुसून तिथेच झोपायचो. राखणीच्या दोन पाळ्या असत. पहिली वडिलांची, दुसरी आईची. घड्याळ नव्हतं. उत्तरेला बाजलं उगवायचं, म्हणजे सप्तर्षी: चार चांदण्यांचं म्हातारीचं बाजलं आणि ते पळवणारे तीन चोर. पूर्वेकडून तिकांडं चढत यायचं, मृगाच्या पोटातल्या त्या एका ओळीतल्या तीन चांदण्या. तिकांडं माथ्यावर आलं की मध्यरात्र. मार्गशीर्षाला मार्गशीर्ष का म्हणतात याचं उत्तर एवढंच आहे की त्या महिन्यात पुनवेचा चंद्र मृगशीर्षाजवळ असतो, आणि मध्यरात्री मृग डोक्यावर. हे मला पुढे पुस्तकात सापडलं. वडिलांना ते मानेच्या कोनातून ठाऊक होतं.

तिकांडं माथ्यावरून जरा कलायचं आणि मग दक्षिणेच्या बांधावर आंब्याचं झाड होतं, त्याच्या शेंड्यावर एक मोठी पांढरी चांदणी येऊन उभी राहायची. वडील आईला हलवून म्हणत, "अगस्ती आंब्यावर आला गं." ती उठायची, घोंगडी अंगावर घ्यायची, ते आडवे व्हायचे. राखण एका हातातून दुसऱ्या हातात जायची आणि मध्ये क्षणभरही खळं उघडं पडायचं नाही.

अगस्ती हा व्याधाच्या खालोखाल सगळ्या आभाळातला सर्वांत तेजस्वी तारा. तो दक्षिणेला इतका खाली आहे की दिल्लीच्या माणसाला जेमतेम क्षितिजाला चिकटलेला दिसतो. राजूर साडेएकोणीस अंशांच्या आसपास, इथे तो चढून चढून अठरा अंशांपर्यंत येतो. हात लांब करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की वरच्या मुठीत तो सापडतो. ऋषी विंध्य ओलांडून दक्षिणेला गेला आणि परत फिरला नाही, ही कथा ज्याने रचली त्याने हा तारा नीट पाहिला होता, याबद्दल मला शंका नाही. उत्तरेतून दक्षिणेकडे चालत येणाऱ्या माणसाला हा तारा रोज थोडा थोडा वर येताना दिसतो. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत त्याच्यावर स्वतंत्र अध्याय लिहिला. त्याचा उदय झाला की गढूळ पाणी निवळतं, असा जुना समज आहे. श्रावणात पहाटे तो उगवायला लागतो, पण इकडे तेव्हा आभाळाला छिद्र नसतं. ढग विरून तो दिसू लागेपर्यंत प्रवरेचं पाणी खरंच निवळलेलं असतं. तारा पाणी निवळवत नाही. तारा आणि पाऊस दोघेही पृथ्वीच्या एकाच फेऱ्याशी बांधलेले आहेत. पण ज्यांनी ती दोन टोकं जुळवली त्यांनी वर्षानुवर्षं पहाटे उठून पाहिलं होतं, आणि तेवढ्यासाठी मी त्यांना माझ्या धंद्यातली माणसं समजतो.

अगस्ती सुमारे तीनशे दहा प्रकाशवर्षं लांब आहे. सूर्याच्या सत्तरपट रुंद, दहा हजारपट तेजाचा. शिवरात्रीच्या रात्री आईच्या नव्या भिंगातून आत गेलेला त्याचा प्रकाश निघाला तेव्हा बाळाजी विश्वनाथांना पेशवाईची वस्त्रं मिळून दोन-एक वर्षं झाली असतील. तिच्या पणजीच्या पणजीचाही जन्म व्हायचा होता.

अशी अंतरं सांगितली की ऐकणारा हमखास एक प्रश्न विचारतो. पस्तीस वर्षांत मी तो शेकडो वेळा ऐकला. खोडदला, आमच्या रेडिओ दुर्बिणीच्या जागी, 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन असतं, आसपासच्या तालुक्यांतून हजारो मुलं येतात. एकदा एका मुलीने अँटेनाच्या सावलीत उभं राहून विचारलं, "सर, एवढ्या मोठ्यात आपण म्हणजे काहीच नाही ना?" तिच्या आवाजात कुतूहल कमी आणि भीती जास्त होती. मी तिला आकाशगंगेतल्या ताऱ्यांची संख्या सांगितली. ती मान हलवून गेली. ते उत्तर नव्हतंच, तो प्रश्नच मी आणखी मोठा करून तिच्या हातात परत दिला होता. ती मुलगी माझ्या मनातून गेली नाही. आज भेटली तर मी तिला हायड्रोजनची गोष्ट सांगेन.

खोडद जुन्नर तालुक्यात, नारायणगावजवळ. राजूरहून सरळ रेषेत धरलं तर मधल्या डोंगररांगांपलीकडे पन्नासेक किलोमीटर. खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांनी तिथे तीस अँटेना उभ्या केल्या. प्रत्येक पंचेचाळीस मीटर रुंद, चौदा मधल्या चौकात आणि सोळा तीन दिशांना गेलेल्या तीन फाट्यांवर. एवढी मोठी तबकडी पत्र्याची केली असती तर वाऱ्यानेच उलथली असती, आणि खर्च कुणाला पेलला नसता. स्वरूपांनी दोरांच्या ताणावर बारीक तारेची जाळी बसवली. जवळ जाऊन पाहिलं तर जाळीची घरं एक ते दोन सेंटिमीटरची. खाली उभं राहिलं की त्यातून निळं आभाळ दिसतं, घारी दिसतात, वारा आरपार जातो. पण इथे टिपली जाणारी रेडिओलहर वीतभर किंवा त्याहून लांब असते, तिला एवढी बारीक घरं दिसतच नाहीत. तिच्या दृष्टीने ती जाळी म्हणजे अखंड आरसा. आई पहिल्यांदा आली तेव्हा जाळीखाली उभी राहून बराच वेळ बघत होती. "चाळणीने पाणी धरतोस व्हय," म्हणाली. मला याहून नेमकं वर्णन आजपर्यंत सुचलेलं नाही.

त्या चाळणीत आम्ही जे धरतो त्यातलं सर्वांत मोलाचं म्हणजे हायड्रोजनची एकवीस सेंटिमीटरची लहर. हायड्रोजन हा सर्वांत साधा अणू, एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन. दोघांच्या फिरकीची दिशा सारखी असेल तर ऊर्जा अगदी किंचित जास्त, उलट असेल तर किंचित कमी. इलेक्ट्रॉनची फिरकी उलटली की तेवढी उरलेली ऊर्जा लहर होऊन बाहेर पडते. व्हॅन डी हुल्स्ट या डच शास्त्रज्ञाने 1944 साली हे कागदावर मांडलं, तेव्हा त्याचा देश युद्धात व्यापलेला होता. 1951 साली ती लहर खरोखर सापडली. पण एकट्या सोडलेल्या अणूत ही उलट व्हायला सरासरी किती वेळ लागतो? एक कोटी दहा लाख वर्षं. तेवढ्या काळात तो एकदा बोलतो, तेही इतक्या हळू की जगातलं कोणतंही यंत्र त्या एका अणूचा आवाज ऐकू शकणार नाही.

आणि तरीही आकाशगंगेचे बाहू कसे वळलेत, ती कशी फिरते, हे आपल्याला बरंचसं त्याच आवाजावरून कळलं. कारण अणू अगणित आहेत आणि सगळ्यांचा स्वर एकच आहे. कुणीतरी कुठेतरी सतत बोलत असतो. एकेकट्याचं मौन एक कोटी वर्षांचं आणि सगळ्यांचा मिळून अखंड स्वर. "आपण काहीच नाही ना?" असं विचारणाऱ्या मुलीला मला हे सांगायचं होतं. एका अणूचं बोलणं ऐकू येत नाही हे खरं आहे, पण नकाशात ते गेलेलं आहे. ते वजा केलं तर नकाशा तेवढ्याने उणा होईल.

2023 च्या जानेवारीत खोडदच्याच दुर्बिणीतून आलेली एक बातमी जगभर गेली. अर्णब चक्रवर्ती आणि निरुपम रॉय यांनी एका अतिदूरच्या दीर्घिकेतली हायड्रोजनची लहर टिपली. निघाली तेव्हा एकवीस सेंटिमीटरची, वाटेत विश्व पसरत गेलं तशी ताणली जाऊन इथे पोचली तेव्हा अठ्ठेचाळीसची. वाटेत आडव्या आलेल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखं काम केलं, आवाज तीसेक पटींनी वाढवला, म्हणून तो ऐकू आला. त्या लहरीने वाटेत 880 कोटी वर्षं काढली होती. निघाली तेव्हा सूर्य नव्हता. ती निम्म्या वाटेवर येत होती त्या सुमाराला पृथ्वीचा गोळा जमला. आपला सह्याद्री, हा कळसूबाईचा आणि रतनगडाचा काळा कातळ, लाव्ह्याच्या थरांतून ओतला गेला तो सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. तोवर तिची नव्व्याण्णव टक्के वाट संपली होती. मग माकडं, माणसं, भात, खळी, भाषा, यंत्रं हे सगळं उरलेल्या एका टक्क्यात उरकलं, आणि लहर दारात आली तेव्हा जुन्नर तालुक्यात जाळी ताणून तयार होती.

ही वेळ कुणी साधून आणलेली नाही. त्या दीर्घिकेने आपल्यासाठी काही पाठवलं नव्हतं. जेठात पहिल्या पावसाआधी भंडारदऱ्याच्या बाजूला हिरडा-सादड्याच्या झाडांवर काजवे लागतात. झाडच्या झाड एका ठेक्यात पेटतं आणि विझतं. काजव्याचा तो प्रकाश पत्ता लिहिलेल्या पत्रासारखा असतो, त्याची वाट बघणारी मादी चार हातांवर गवतात बसलेली असते. (म्हणून तिथे गाड्यांचे दिवे आणि विजेऱ्या मारत फिरणाऱ्यांचा मला मनापासून संताप येतो. ते दोघांतलं पत्र मध्येच फाडतात.) ताऱ्याच्या प्रकाशावर पत्ता नसतो. तो सगळीकडे जातो. भिंतीवर पडतो, दगडावर पडतो, झोपलेल्या माणसाच्या मिटल्या पापण्यांवर पडतो आणि तिथे संपतो. एखादी पापणी उघडी असेल तर तेवढ्यापुरतं त्याचं पत्र होतं.

विश्वाला अर्थ आहे का, असं मला कुणी विचारलं तर मी नाही म्हणतो. निदान मला तो तिथे लिहिलेला सापडलेला नाही. पण माणसाला ते पुरत नाही आणि तो ताऱ्यांकडून अर्थ वसूल करायला निघतो. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची एक साधी चाचणी घेतली होती, 2009 साली ती प्रसिद्ध झाली. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या ज्योतिषांना दिल्या आणि कोणती कुणाची ते ओळखा म्हणून सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवून सांगितलं असतं तर पन्नासच्या आसपास आली असती. मला त्या ज्योतिषांपेक्षा त्यांच्याकडे जाणाऱ्या आईबापांचं वाईट वाटतं. आपल्या लेकराला वरून कुणीतरी राखतंय, एवढंच त्यांना ऐकायचं असतं. तारे कुणाची राखण करत नाहीत. तिकडून आलेलं वाया जाऊ न देणं, हे मात्र आपल्या हातात आहे.

20 मे 2025 ला नारळीकर गेले. मी त्यांना कितीतरी व्याख्यानांत ऐकलं. महास्फोटाचा सिद्धांत जवळजवळ सगळ्यांनी स्वीकारल्यावरही ते शेवटपर्यंत त्याबद्दल साशंक राहिले. आधी फ्रेड हॉइल यांच्याबरोबर आणि त्यांच्यानंतरही ते अल्पमताची बाजू मांडत राहिले. मी त्या बाबतीत त्यांच्या बाजूचा नाही. पुरावे मला दुसरीकडे नेतात. पण सगळे एका बाजूला झोपले असताना दुसऱ्या बाजूला कुणीतरी जागं असावं लागतं, हे मी त्यांच्याकडे बघून शिकलो. आणि त्यांची ती पोस्टकार्डं. सही मागायला येणाऱ्या मुलांना ते सांगत, पोस्टकार्डावर प्रश्न लिहून पाठव, उत्तराखाली माझी सही येईल. पन्नास पैशांचं कार्ड, त्यावर एखाद्या आडगावच्या मुलाच्या वाकड्या अक्षरात प्रश्न, आणि त्याला पुण्याहून हाताने लिहिलेलं उत्तर. पत्ता नसलेल्या प्रकाशाचा आयुष्यभर विचार करणाऱ्या माणसाने पत्ता असलेल्या प्रश्नांना असा वेळ दिला. खोडदच्या त्या मुलीने मला पोस्टकार्ड पाठवलं असतं तर मी विचार करून उत्तर दिलं असतं. समोर उभी होती म्हणून घाईत दिलं.

खोडदच्या कामात रात्रपाळी असते. दुर्बिणीला दिवसरात्रीचा फरक नाही, त्यामुळे कुणीतरी पडद्यासमोर जागं लागतंच. एखाद्या स्कूटरची ठिणगी, कुणाचा मोबाइल, वरून गेलेला उपग्रह, यातलं काहीही त्या अब्जावधी वर्षांच्या लहरीला गिळून टाकतं, म्हणून लक्ष ठेवावं लागतं. पहाटे तीनला डोळे मिटायला लागले की मला हटकून पेंढ्याचा वास यायचा. मग उठून बाहेर यायचो. हिवाळ्यात अगस्ती तोवर नैऋत्येला उतरलेला असायचा. 1964 साली मंगळाकडे निघालेल्या मरिनर-4 या यानाने आपलं तोंड कुठे आहे हे ओळखण्यासाठी सूर्याच्या जोडीला याच ताऱ्यावर डोळा ठेवला होता. चांगला तेजस्वी आणि सूर्याच्या वाटेपासून लांब, म्हणून त्याची निवड झाली. ही गोष्ट मला कळली तेव्हा वडील होते. मी त्यांना सांगितलं की अमेरिकेचं यानसुद्धा अगस्ती बघून चालतं. ते म्हणाले, "मग? दुसरं काय बघून चालणार?"

तर त्या रात्री रस्त्याच्या कडेला आई उभी होती. एव्हाना साडेआठ झाले असतील. फेब्रुवारीच्या शेवटी अगस्ती साडेआठच्या सुमारास बरोबर दक्षिणेला येतो, म्हणजे ज्या दिवशी अकोल्यात ऋषीची यात्रा, त्याच संध्याकाळी तारा आपल्या सगळ्यात उंच जागी. मी यात कोणताही संकेत शोधत नाही. योग आहे. पण तो तिला दाखवायला मी हात वर केला, तर तिचा हात आधीच तिकडे गेलेला. व्याधापासून सरळ खाली, डोंगराच्या काळ्या कडेवर, दोन मुठींच्या आत. हवेच्या थरथरीने त्याचा रंग हलत होता.

"आंब्यावर आला," ती म्हणाली.

तिथे आंबा नव्हता. एक विजेचा खांब होता आणि पलीकडे पडीक रान. आमचा आंबा वादळात पडून वीस वर्षं झाली, वडील जाऊन बारा, आणि खळ्याच्या जागी आता भावाची पत्र्याची शेड आहे. मी काही बोललो नाही. पिशवीतलं एक रताळं काढून तिने सोललं, निम्मं मला दिलं. गार झालेलं होतं पण गोड होतं. एक ट्रक घरघरत गेला, त्याच्या दिव्यांत क्षणभर सगळं पांढरं झालं आणि डोळे पुन्हा अंधाराला सरावायला वेळ लागला. चांदण्या एकेक करून परत आल्या.

मी जांभई दिली असणार. सकाळपासून गाडी चालवत होतो. तिने पदर डोक्यावरून घेतला, कानांशी घट्ट केला.

"तू बस जा गाडीत," ती म्हणाली. "गारठा हाय. मी हाय इथं."